जुन्या नौकेची हरवलेली चौकट

घराची खिडकी मोडली तर घरधनी सुताराला निरोप धाडतो, आणि सुतार येईपर्यंत एखादें गोणपाट ठोकून पावसाची झड थोपवितो. चार दिवस गैरसोय होते, इतकेंच. शिडाच्या नौकेची गोष्ट निराळी आहे. तिच्या खिडकीवर पाणी वरून पडतें, बाजूनें आदळतें, आणि प्रसंगीं खालूनही उसळतें. शिवाय सुतार किनाऱ्यावर असतो व नौका समुद्रांत. म्हणून जुन्या नौकेच्या एका खिडकीची चौकट नाहींशी झाली, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या बाबीचा विचार दर्यावर्दी लोक किती बारकाईनें करितात, हें पाहण्यासारखें आहे.

इंग्लंडच्या दक्षिण व पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या पुष्कळ खाड्या आहेत. त्या खाड्यांच्या चिखलांत लहान लहान शिडाच्या नौका उभ्या असलेल्या आढळतात. त्यांतल्या अनेक १९६० ते १९८० या वीस वर्षांत बांधलेल्या आहेत. तत्पूर्वीं नौका लाकडाची असे, व ती बांधवून घेणें ही बहुधा श्रीमंतांची हौस होती. पुढें कांचेचे तंतू आणि कृत्रिम राळ यांचे थरावर थर सांच्यांत देऊन नौकेचें कवच घडविण्याची युक्ति प्रचारांत आली, आणि बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांनाही नौका बाळगणें शक्य झालें. ‘वेस्टर्ली सेंटॉर’ ही त्या काळची एक लोकप्रिय जात. लॉरेंट जाइल्स यांच्या कार्यालयानें आखलेली ही सव्वीस फुटी नौका १९६९ ते १९८० या अवधींत दोन हजारांहून अधिक संख्येनें बांधली गेली. तळाशीं मधोमध एकच कणा असण्याऐवजीं दोन बाजूंस दोन कणे असल्यामुळें ती ओहोटीच्या चिखलांत न कलंडतां उभी राहते.

अशा नौकांचें कवच पन्नास वर्षांनींही बहुधा धड असतें. थकतात त्या तिच्या खिडक्या. एखादी खिडकी गळूं लागते. मालक ती दुरुस्तीसाठीं काढतो, भोंकावर प्लायवूडचा तुकडा बसवितो आणि चौकट घरीं नेऊन ठेवतो. मध्यें कांहीं वर्षें जातात. नौका विकली जाते. चौकट मात्र कोणाच्या तरी अडगळींत राहून जाते. नव्या मालकाच्या वांट्याला नौका येते, शिडें येतात, नांगर येतो, आणि एक भोंक येतें. घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून असें म्हणतात. जुनी नौका पाहावी विकत घेऊन, ही पुस्ती त्याला जोडावयास हरकत नाहीं.

प्रथम ही चौकट कशी असते तें पाहूं. बहुतेक नौकांत ती अॅल्युमिनियमच्या दोन कड्यांची असते. बाहेरच्या कड्याला रुंद ओंठ असतो. तो भिंतीवर बाहेरून टेकतो. याच कड्याच्या खांचेंत रबराच्या पट्टींत कांच बसविलेली असते. दुसरें कडें केबिनच्या आंतून येतें. आंतल्या कड्यांतून स्क्रू घालून ते बाहेरच्या कड्यांत पिळले, म्हणजे दोहोंच्या मध्यें भिंत चिमट्यांत धरल्यासारखी घट्ट धरली जाते. म्हणजे चौकट तीन कामें करिते. ती कांच धरिते. स्क्रूंचा ताण ठिकठिकाणीं न एकवटतां सगळ्या परिघावर सारखा वांटते. आणि कवचाची कापलेली कड पाण्यापासून झांकते. आंतलें कडें हरवलें व त्याच्या जागीं नुसते स्क्रू आणि वायसर लावले, तर वरून कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं. पण दुसरें काम बंद पडतें. मग दोन स्क्रूंच्या मधल्या जागेंत चौकट केसभर उचलली जाते, आणि पाण्याला केसभर वाट पुरते.

ती केसभर वाट म्हणजे काय, हें शाळेंतल्या गणितावरून समजतें. एक मीटर उंचीचें पाणी आपल्याखालील प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅमचा भार घालतें. खिडकी साठ सेंटिमीटर लांब व वीस सेंटिमीटर उंच धरली, तर तिचें क्षेत्रफळ बाराशें चौरस सेंटिमीटर होतें. म्हणजे एक मीटर पाण्याचा भार एकशें वीस किलो झाला. दोन माणसें खिडकीवर उभीं राहिल्यासारखेंच तें. परंतु समुद्राचें पाणी स्तब्ध नसतें. सेकंदाला दहा मीटर वेगानें येऊन आदळणारें पाणी सुमारें पांच मीटर उंचीच्या जलस्तंभाइतका दाब देतें. तेव्हां त्याच खिडकीवर सहाशें किलोंचा आघात होतो. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. यावरून मोठी खिडकी नौकेला शोभा देत असली, तरी अनुभवी खलाशी तिच्याकडे संशयानें कां पाहतो, हें ध्यानांत येईल.

गणित ज्याला रुक्ष वाटतें त्यानें ‘त्झू हांग’ या नौकेची हकीकत ऐकावी. हाँगकाँगला बांधलेल्या, दोन डोलकाठ्यांच्या या शेहेचाळीस फुटी नौकेचे मालक माइल्स स्मीटन आणि त्यांच्या पत्नी बेरिल हे होते. स्मीटन हिंदी सैन्यांत ब्रिगेडियरच्या हुद्यापर्यंत चढलेले व ब्रह्मदेशच्या मोहिमेंत लढलेले. गिर्यारोहणाचीही या दांपत्याला आवड होती. १९३९ सालीं चित्रळमधील तिरिच मीर या पर्वतावर गेले तेव्हां त्यांच्याबरोबर तेनसिंग होते. १९५६ च्या डिसेंबरांत तीं दोघें व जॉन गझवेल नांवाचे तरुण सुतार अशीं तिघें मेलबर्नहून निघालीं. केप हॉर्नला वळसा घालून इंग्लंड गांठावें असा त्यांचा बेत होता. १४ फेब्रुवारी १९५७ या दिवशीं, चिलीचा किनारा सुमारें हजार मैल दूर असतां, मागून आलेल्या एका प्रचंड लाटेनें नौकेचें पिछाडें उचललें आणि ती नाळेवरून उलटीपालटी झाली. सुकाणूं धरून बसलेल्या बेरिल समुद्रांत फेंकल्या गेल्या. दोन्ही डोलकाठ्या मोडल्या, सुकाणूं गेलें, आणि केबिनवरील खिडक्यांची उंच खोली मुळासकट उखडली जाऊन डेकमध्यें सुमारें सहा फूट लांबरुंद भगदाड पडलें.

बेरिल जखमी अवस्थेंत पोहत नौकेपाशीं आल्या व त्यांना वर ओढून घेण्यांत आलें. नौकेंत पाणी तुंबलें होतें. पुढची एकच मोठी लाट तिला तळाशीं नेण्यास पुरेशी होती. अशा वेळीं पहिलें काम डोलकाठीचें नव्हतें, सुकाणूंचेंही नव्हतें. तें भगदाड बुजविण्याचें होतें. गझवेल यांनीं नौकेंतच हातीं लागेल तें लाकूड व शिडाचें कापड घेऊन तें झांकलें, आणि तिघांनीं बादल्यांनीं तासन्‌तास पाणी उपसलें. नंतर मोडक्या सामानाच्या डोलकाठ्या उभारून त्यांनीं पुढच्या महिन्यांत चिलीचें कोरोनेल बंदर गांठलें. नौकेवरचें मांजरही वांचलें. सुताराची करवत व हातोडा यांनीं तीन जीव राखले असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

खाडींतल्या सेंटॉर नौकेला केप हॉर्नला जावयाचें नसतें, हें खरें. परंतु तत्त्व एकच. शिवाय अशा प्रसंगांतून खलाशांनीं एक गोष्ट शिकून घेतली आहे. ज्या बाजूनें लाट येते त्याच बाजूच्या खिडक्या फुटतात असें सामान्य माणसाला वाटतें. वस्तुतः लाट नौकेला उचलून आडवी फेंकते, आणि नौका पलीकडच्या बाजूवर खालच्या पाण्यांत आपटते. त्यामुळें वाऱ्याआडच्या, सुरक्षित समजल्या जाणाऱ्या बाजूच्या खिडक्या पुष्कळ वेळां फुटतात. म्हणून एका बाजूची चौकट भक्कम व दुसरीची कामचलाऊ, असा पंक्तिप्रपंच नौकेंत चालत नाहीं.

आतां चौकट मिळवावयाची कशी? पहिला मार्ग शोधाचा. इंग्लंडांत ‘बोट जंबल’ नांवाचे बाजार भरतात. मोडींत निघालेल्या नौकांचें सामान तेथें विकावयास येतें. शिवाय एकाच जातीच्या नौकांच्या मालकांचे संघ असतात, व तेथें विचारणा केली तर कोणाच्या तरी कोठारांतली चौकट बाहेर निघते. परंतु येथें एक फसगत संभवते. नौकेच्या दोन बाजूंच्या खिडक्या एकमेकींचीं प्रतिबिंबें असतात. पुढें निमुळती होत जाणारी डावी चौकट उजव्या बाजूस बसवूं गेल्यास उजव्या पायाचा जोडा डाव्या पायांत घातल्यासारखें होतें.

दुसरा मार्ग नवी चौकट करवून घेण्याचा. अॅल्युमिनियमची घडीव पट्टी वांकवून मापाप्रमाणें चौकट करून देणारे कारखाने आहेत. त्यांना नमुना मात्र अचूक हवा. भिंतीवर बाहेरून तपकिरी कागद ताणून चिकटवावा, आणि मुलें पैशावर कागद ठेवून शिसपेन्सिल घांसतात त्याप्रमाणें भोंकाच्या कडेवरून पेन्सिल घांसावी. समोरच्या बाजूच्या खिडकीवरून माप घेण्याचा मोह टाळावा. कारण हीं कवचें हातानें थर देऊन व हातानें कापून केलेलीं, तेव्हां दोन भोंकें तंतोतंत सारखीं क्वचितच असतात. कोपऱ्यांच्या गोलाईची त्रिज्या, भिंतीची जाडी व भिंतीचा बांक, हीं तीन मापें कागदावर उमटत नाहींत. तीं निराळीं टिपावीं. जाडी तर चारी बाजूंस मोजावी. एका कोपऱ्याशीं ती दहा मिलिमीटर, तर दुसऱ्याशीं चौदा, असें होऊं शकतें, आणि स्क्रूची लांबी तीवरच ठरते.

याहून जुन्या, लाकडी नौकांत खिडकीची चौकट कांशाची ओतीव असते. ती हरवली तर शिल्लक राहिलेली जोडीची चौकट ओताऱ्याकडे नेऊन वाळूंत तिचा ठसा घ्यावा व नवी ओतवावी, असें सहज सुचतें. पण तापलेलें कांसें निवतांना आकसतें. शेंकडा एक ते दीड या प्रमाणांत. तीस सेंटिमीटरांची चौकट तीन ते साडेचार मिलिमीटरांनीं आंखूड निघते, आणि मग जुन्या भोंकांशीं नवीं भोंकें जुळत नाहींत. म्हणून जाणता ओतारी मूळ चौकटीचा ठसा न घेतां, तेवढ्या प्रमाणांत मोठा लांकडी नमुना करवितो. कांशाच्या जागीं स्वस्त म्हणून पितळ वापरणें ही दुसरी चूक. खाऱ्या पाण्यांत पितळेंतलें जस्त हळूहळू निघून जातें व मागें तांब्याचा तांबूस, ठिसूळ सांगाडा राहतो. वरून चौकट शाबूत दिसते, आणि एके दिवशीं तिचा कोपरा हातांत येतो.

चौकट येईपर्यंत भोंकाची कड तपासून घ्यावी. पुष्कळ नौकांच्या केबिनची भिंत आंतून बाहेरून कांचतंतूची व मध्यें हलक्या बाल्सा लाकडाची किंवा प्लायवूडची असते. खिडकी वर्षानुवर्षें गळत असली, तर हें मधलें लाकूड पाणी पिऊन कुजलेलें असतें. टोंच्यानें टोंचून पाहावें. टोंच्या सहज आंत गेला तर चांगलें लाकूड लागेपर्यंत तें कोरून काढावें, कड पूर्ण वाळूं द्यावी, व पोकळी घट्ट केलेल्या एपॉक्सी राळेनें भरावी. हें काम कंटाळवाणें आहे व दिसत नाहीं. त्यामुळें तेंच बहुधा टाळलें जातें. पण कुजक्या कडेवर नवी चौकट आवळणें म्हणजे भिजलेल्या पुठ्ठ्याला खिळा मारणें होय. जुन्या सिलिकोनचा अंशही कडेवर राहतां कामा नये. त्यावर दुसरें कोणतेंही लुकण चिकटत नाहीं. तें खरवडूनच काढावें लागतें.

यानंतर कांचेचा प्रश्न. ‘कांच’ हा शब्द आतां सवयीनें म्हणावयाचा. कारण या नौकांत पुष्कळदां अॅक्रिलिकचा पारदर्शक तक्ता असतो. हा पदार्थ १९३० नंतरच्या दशकांत बाजारांत आला, आणि दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांच्या वैमानिकांवरील छत्रांसाठीं त्याचा फार उपयोग झाला. तो कांचेहून हलका, व कांचेसारखा धारदार ठिकऱ्या होऊन उडत नाहीं. त्याची जाडी दुप्पट केली तर दाब सोसण्याची शक्ति चौपट होते. पॉलिकार्बोनेट त्याहूनही चिवट, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात. या दोन्ही पदार्थांना अॅसिटोनसारखीं द्रावणें वर्ज्य आहेत; पुसावयास म्हणून तीं लावलीं तर तक्त्यांत बारीक चिरा पसरतात.

अॅक्रिलिकचा मुख्य दोष म्हणा वा स्वभाव म्हणा, तो उन्हानें फुगण्याचा. तपमान चाळीस अंशांनीं वाढलें तर एक मीटर लांबीची कांच तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मिलिमीटरनें वाढते, अॅल्युमिनियम सुमारें एक मिलिमीटरनें, आणि अॅक्रिलिक जवळजवळ तीन मिलिमीटरांनीं. हा तक्ता चौकटींत घट्ट ठोकून बसविला तर उन्हाळ्यांत तो जागा मागतो. जागा मिळाली नाहीं तर वांकतो किंवा चिरतो. म्हणून सभोंवतीं दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवावी. कांहीं मालक चौकटीचा नाद सोडून भोंकाहून मोठा तक्ता सरळ भिंतीवर बोल्टांनीं बसवितात. तसें करावयाचें तर तक्ता बाहेरूनच बसवावा, म्हणजे समुद्र त्याला भिंतीवर दाबील, आंत ढकलणार नाहीं. आणि त्यांतलीं भोंकें बोल्टाहून दोन-अडीच मिलिमीटर मोठीं पाडावीं. पाचरीसारख्या निमुळत्या डोक्याचे स्क्रू तेथें मुळींच वापरूं नयेत. त्यांनीं तक्ता भोंकापासून फाटत जातो.

लुकणाची निवड जोडीदार पाहून करावयाची असते. पॉलिसल्फाइडचें लुकण धातु व खरी कांच यांना उत्तम. अॅक्रिलिकला मात्र तें अपायकारक. अॅक्रिलिकला ब्यूटिलची चिकट पट्टी किंवा त्यासाठींच केलेलें सिलिकोन योग्य. लुकण हें नुसतें गोंद नव्हे. तें दोन निरनिराळ्या वेगांनीं फुगणाऱ्या वस्तूंमधली लवचीक गादी आहे. म्हणून स्क्रू आवळतांना सगळें लुकण पिळून बाहेर काढणें ही चूक. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनें, थोडेथोडे आवळावे, आणि दोन-तीन मिलिमीटरांचा थर आंत राहूं द्यावा. स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे असले तरी निश्चिंत राहूं नये. खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यांत पोलाद व अॅल्युमिनियम यांचा विद्युत्‌घट तयार होतो, व त्यांत अॅल्युमिनियम खाल्लें जाऊन पांढरी भुकटी होते. प्रत्येक स्क्रूला त्यासाठीं मिळणारा क्रोमेटयुक्त लेप लावला म्हणजे हें टळतें, आणि वीस वर्षांनीं स्क्रू काढणारा दुवा देतो.

काम झालें तरी परीक्षा उरतेच. एकानें आंत बसावें, दुसऱ्यानें बाहेरून नळीनें पाणी सोडावें. पाणी प्रथम चौकटीच्या खालच्या कडेवर सोडून हळूहळू वर जावें. एकदम वरून सोडलें तर तें कोठून शिरलें हें कळत नाहीं. आंतून चौकटीभोंवतीं फळ्यावरच्या खडूची भुकटी भुरभुरवावी. पाण्याचा एक थेंब जरी आला तरी तिच्यांत त्याची वाट उमटते. या खडूच्या युक्तीला कारण आहे. नौकेंत पाणी जेथें टपकतें तेथें तें शिरलेलें असतेंच असें नाहीं. अस्तराच्या मागून हातभर वाहत जाऊन तें भलत्याच ठिकाणीं उतरतें, आणि निरपराध खिडकीवर आळ येतो. गळती दिसली तर बाहेरून कडेला लुकणाचा पट्टा ओढणारे पुष्कळ आहेत. त्यानें फार तर एक हंगाम निभावतो. चौकट पुन्हां काढून नीट बसविणें, हाच खरा उपाय.

लहान नौकांच्या खिडक्यांसाठीं आय.एस.ओ. १२२१६ हें आंतरराष्ट्रीय मानक २००२ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें, व त्यांत तक्त्याची जाडी, आकार आणि बसविण्याची रीत यांचे नियम आहेत. सेंटॉरसारख्या नौका त्यापूर्वींच्या. म्हणून मोकळ्या समुद्रांत जाणारा शहाणा मालक प्रत्येक मोठ्या खिडकीच्या मापाची, जाड प्लायवूडची एक झडप कापून, बोल्टांसह बिछान्याखालीं ठेवून देतो. चौकट सांपडेपर्यंत भोंकावर जो तुकडा बसविलेला असतो, तोच नीट तासून घेतला तर या कामीं येतो. खिडकी फुटली तर गझवेल यांना जें मोडक्या सामानांतून शोधावें लागलें, तें याच्या हाताशीं तयार असतें.

स्मीटन दांपत्यानें नौका चिलींत दुरुस्त करून १९५७ च्या डिसेंबरांत पुन्हां प्रयत्न केला. त्याही वेळीं ती उलटली, डोलकाठ्या गेल्या, व तीं दोघें चिलीला परतलीं. अखेर १९६८ च्या डिसेंबरांत, अकरा वर्षांनंतर, त्याच नौकेनें त्यांनीं केप हॉर्नला वळसा घातला. मधल्या काळांत तिच्या डेकवरचें लाकूड किती वेळां उस्तवारावें लागलें असेल याची कल्पना ज्यानें एक चौकट स्वतः बसविली आहे त्यालाच येईल. खाडींतला तो नवा मालक एवढ्या लांब जाणार नाहीं. त्याला मुलांना घेऊन भरतीबरोबर बाहेर पडावयाचें असतें व दुसऱ्या दिवशीं ओहोटीपूर्वीं परतावयाचें असतें. रात्रीं वारा उठतो, पावसाची सर खिडकीवर येते, आणि मुलें त्या खिडकीखालींच कोरड्या अंथरुणांत झोंपलेलीं असतात. तो उठून अंधारांत चौकटीच्या खालच्या कडेवरून एकदां बोट फिरवून पाहतो, आणि पुन्हां आडवा होतो.